चालू, नादुरुस्त

प्रसन्ननने क्लिपबोर्ड दिला, पेन दिलं,
म्हणाला, भाई, काय असेल ते आत्ताच लिहा,
सोडून जाताना कोणी ऐकून घेत नाही.
वादी कबीर, दुसरी गल्ली, चौथा मजला.
लिफ्टला जरा विचार करून मग दार लावायची सवय.

कागदावर उजवीकडून अरबी, डावीकडून इंग्रजी,
मध्ये दोन चौकटी: चालू. नादुरुस्त.
तेवढीच माझी जागा.

सुरुवात एसीपासून. त्यातलं मला कोणी सांगू नये.
अकरा वर्षं लोकांच्या झोपायच्या खोल्यांत
शिडीवर उभा राहून ऐकलीत त्यांच्या हवेची दुखणी,
आणि रात्री परत रुवीत, सहाजणांत,
जिथे रिमोट ज्याच्या उशाखाली
तो त्या रात्रीचा सुलतान.
इथला कॉम्प्रेसर आधी खोकला, मग लागला.
फिल्टर दोन उन्हाळे धुतलेला नाही.
लिहिलं.

न्हाणीघरात नळ सोडला: आधी हवा, मग गंज,
मग पाणी. ऊन.
थंड पाण्याच्या नळालाही ऊनच.
जून महिना, टाकी गच्चीवर,
ही तक्रार लिहायची तरी कोणावर?
फरशी ठोकत गेलो बोटाच्या पेराने,
खेडच्या बाजारात अब्बा नारळ ठोकायचे तशी.
तीन लाद्या पोकळ. लिहिलं.
खिडकी सरकते, अर्धीच.
समोर डोंगर, त्यावर औषधालाही पान नाही.
नफिसाला फोनवर विचारलं होतं,
खिडकीतून काय दिसलं तर आवडेल?
म्हणाली, काहीही,
फक्त दुसऱ्याची खिडकी नको.
डोंगर: चालू.

ओट्यामागे हळदीचे शिंतोडे, पुसून पुसून फिके.
बाहेर येताना मुख्य दार लोटलं
तर दाराच्या आतल्या अंगाला, कडीच्या वर,
बॉलपेनने, शिरोरेघ न देता, घाईघाईत:

गॅस?
गिझर?
किल्ली?

चष्मा कपाळावर नेला, पुन्हा खाली घेतला.
मराठीच.
किल्लीच्या जोडाक्षरात पेन सुकलं असावं,
दोनदा गिरवलंय.
शेवटचं प्रश्नचिन्ह जरा वैतागलेलं.

दाग? मागून जोशीमने विचारलं, इमारतीचा नातूर.
हो म्हणावं तर उद्या तो डबा घेऊन येईल,
ब्रशचा एक हात, की संपलं.
नाही म्हणावं तर निघायच्या दिवशी
दाराचा रंग, पंधरा रियाल,
लिहिणारा: मुकादम.
प्रसन्नन जिन्यात फोनवर
कोणालातरी दुसरंच घर विकत होता मल्याळममधून,
भाड्याचं.

काय लिहिलंय?
सांगितलं, एकेक शब्द, हिंदीत.
जोशीम हसला नाही.
म्हणाला, ती मॅडम. रोज खालपर्यंत यायची,
रोज एकदा परत वर जायची.
लिफ्ट बंद असली तरी.
कुठे गेली?
त्याने हाताने नुसतंच दाखवलं, विमानतळाच्या बाजूला
किंवा समुद्राच्या,
इथून दोन्ही एकाच हाताला येतात.

दाराच्या ओळीत दोन चौकटी.
मी पहिलीत खूण केली.

सही, तारीख, चार धनादेश पुढच्या तारखांचे.
प्रसन्नन खाली गाडीत, हॉर्नवर हॉर्न,
जोशीमने लिफ्ट पायाने अडवून धरलेली,
आणि मी परत आत येऊन
ओट्याखाली वाकून बघतोय.
सिलेंडर यायचाय गुरुवारी.
आत्ता नुसती नळी आहे,
तोंडाला फडकं बांधलेली.